सूर्याची उत्तर

पाऊस गेला की भोरचं ऊन वेगळं होतं. चार महिने ढगांतून गाळून आलेला उजेड पाहायची डोळ्यांना सवय झालेली असते, आणि मग दसऱ्याच्या आधी एका सकाळी कॉलेजच्या गच्चीचं दार ढकलावं तर समोर निखळ, धारदार ऊन पसरलेलं. गच्चीवरच्या शेवाळाच्या वाळून काळ्या खपल्या झालेल्या, नीरेवरचं धुकं आठ वाजेपर्यंतच तग धरणारं, आणि लांबच्या डोंगरांच्या कडा इतक्या स्पष्ट की कुणी पेन्सिलीला टोक काढून त्या पुन्हा गिरवून ठेवल्यात असं वाटावं.

यंदाही तशी सकाळ आली. मी दुसऱ्या वर्षाच्या मुलींना घेऊन लहान दुर्बीण वर नेली. दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नसतं, डोळा कायमचा जातो. त्याचं बिंब मागच्या पांढऱ्या कागदावर पाडायचं आणि कागदाकडे बघायचं. बिंब पडलं. बशीएवढं, कडेला किंचित मंद, मधोमध चार-पाच काळे डाग. मुली वाकून बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "मॅडम, ह्यात उत्तर दिशा कुठली?"

तिला सांगायच्या आधी मी जरा जास्तच वेळ थांबले. ह्याच प्रश्नावर माझा एक अख्खा मोसम गेला होता. दसऱ्याला सुरू झालेला आणि शिमग्यापर्यंत चुकलेला.

त्या वर्षी आषाढात, वर्षावासाच्या सुरुवातीला आई गेली. आमच्या गावी, भोंगवलीच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाव्हणे पांगले, आणि मी आप्पांना भोरला माझ्या दोन खोल्यांत घेऊन आले. आप्पा म्हणजे माझे वडील. भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. गावाकडची माणसं त्यांना मोजणीवाले साहेब म्हणायची. भोर आणि वेल्हे ह्या दोन तालुक्यांत त्यांनी उभी नोकरी काढली. चढ-उतारांची खाचरं, ओढ्यानं खाल्लेले बांध, करवंदीच्या जाळीत हरवलेले हद्दीचे दगड, हे सगळं त्यांच्या पायांना पाठ होतं. पण आई गेल्यावर ते बोलेनासे झाले. जेवायला बोलावलं की जेवायचे, चहा दिला की प्यायचे, आणि उरलेला दिवस खिडकीतल्या खुर्चीत बसून काढायचे. मी कॉलेजातून परत यायचे तेव्हा सकाळचा पेपर सकाळी ठेवला तसाच घडी घातलेला असायचा.

मी तेव्हा शिकवता शिकवता पीएच.डी. करत होते. विषय होता सूर्याच्या वातावरणाचं फिरणं. पृथ्वी घट्ट आहे, म्हणून ती अंगासकट एकदम फिरते. सूर्य सगळा तापलेल्या वायूचा. त्याचा मधला पट्टा, विषुववृत्ताजवळचा, साधारण पंचवीस दिवसांत एक फेरी पुरी करतो, आणि ध्रुवांकडे जावं तसतशी फेरी लांबत जाते, तिसाच्याही पुढे. आपल्याला दिसतो त्या पृष्ठभागाच्या वर वातावरणाचा एक पातळ थर आहे, वर्णमंडल म्हणतात त्याला. एका विशिष्ट जांभळ्या प्रकाशात फोटो घेतला तर त्या थरात उजळ ठिपके दिसतात. कुठला ठिपका किती अक्षांशावर आहे आणि एका दिवसात किती सरकला, एवढंच मोजायचं. तो थर खालच्या पृष्ठभागासारखाच फिरतो की त्याची चाल वेगळी आहे, हे त्यातून कळतं. एका वेधशाळेच्या साठ्यातले रोजचे फोटो मला मिळत होते. त्यांवर माझा संगणकातला प्रोग्रॅम चालायचा आणि आकडे द्यायचा.

पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक मॅडम शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, "सुजाता, काही फोटो हातानंही मोजून घे. आणि मोजणारं माणूस असं हवं, ज्याला काय उत्तर यायला पाहिजे हे माहीत नाही."

असं माणूस माझ्या खिडकीतच बसलेलं होतं.

मी फोटोंचे कागद, भिंग, फूटपट्टी आणि कोनमापक आप्पांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी एक कागद उचलून उजेडाकडे धरला.

"ही कसली मोजणी?"

"सूर्याची."

"अर्जदार कोण?"

"मीच."

त्यांनी भिंग उचललं, शर्टाच्या टोकानं पुसलं. "आणि शेजारी? मोजणीला शेजाऱ्याला नोटीस लागती," ते म्हणाले. चेहरा तसाच गंभीर. आई गेल्यापासूनची ती त्यांची पहिली थट्टा होती. मी ओट्याकडे तोंड करून उगाचच भांडी हलवत राहिले.

त्यांना समजावून सांगताना मला मळणी आठवली. पूर्वी खळ्यावर बैलांची पात मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती फिरायची. सगळे बैल एका दाव्यात, त्यामुळे आतल्यानं सावकाश आणि बाहेरच्यानं झपझप चालायचं, पण फेरी सगळ्यांची एकदमच पुरी व्हायची. "सूर्यावर तसं नाही," मी म्हटलं, "तिथं ज्याची त्याची फेरी वेगळी."

"मंजे दावं न्हाई त्यांना."

"नाही."

"मग बरुबर हाय," आप्पा म्हणाले आणि पहिल्या कागदावर भिंग धरलं.

कार्तिकात भोरच्या आसपास भाताची कापणी चालते. मोटारसायकलवरून जाताना रस्त्याच्या कडेला ओल्या पेंढ्याचा गोड, किंचित आंबूस वास येतो, आणि इंद्रायणी तांदळाचं शेत असेल तर त्यात भाताचा स्वतःचा वासही मिसळतो. त्या दिवसांची आठवण काढली की मला हा वास येतो आणि त्याच्याच जोडीला छापलेल्या ताज्या कागदाचा. मी संध्याकाळी चार वाजता घरी यायचे. पश्चिमेचं ऊन टेबलापर्यंत आलेलं असायचं. त्यात आप्पा बसलेले, चष्म्यावर भिंग, जीभ ओठाच्या कोपऱ्यात. रोजचे दहा ठिपके. प्रत्येकाला त्यांनी नंबर दिलेला, शेताला गट नंबर देतात तसा. "सत्तावीस नंबर आज काठावर गेला," असं सांगायचे. पलीकडच्या बाजूला गेलेला ठिपका दोन आठवड्यांनी पुन्हा उगवला तर त्यांना ओळखीचं माणूस बाजारात भेटल्यासारखं व्हायचं. सकाळचा पेपरही आता उलगडलेला दिसू लागला.

मोजण्याआधी प्रत्येक कागद थोडा फिरवून घ्यायचा असं मी त्यांना सांगितलं होतं. सूर्याचा आस आपल्याला वर्षभर एकाच कलानं दिसत नाही. पृथ्वीच्या फेरीत तो कधी डावीकडे झुकलेला दिसतो, कधी उजवीकडे. दसऱ्याच्या सुमाराला कल सगळ्यात जास्त असतो. पौषात तो जवळजवळ शून्यावर येतो आणि मग उलट बाजूला वाढू लागतो. कुठल्या तारखेला किती अंश, ह्याचा तक्ता मी आप्पांना करून दिला होता. तोच तक्ता माझ्या प्रोग्रॅममध्येही होता. आप्पांचे आकडे आणि संगणकाचे आकडे सुरेख जुळत होते, आणि मी निर्धास्त होते. दोघांच्या हातात एकच तक्ता आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

माघ अर्धा झाला तेव्हा मला काहीतरी सापडलं. पौषातल्या फोटोंमध्ये ठिपक्यांची गती अगदी ठरल्याप्रमाणे होती. पण आश्विन-कार्तिकात ध्रुवांकडचे ठिपके निराळेच वागत होते. त्यांचा वेग त्या अक्षांशाला शोभत नव्हता. माघात तोच प्रकार पुन्हा डोकं वर काढत होता. वर्णमंडलाची चाल काही महिन्यांत बदलते, असं ते दिसत होतं. मी मॅडमना आलेख पाठवला. त्यांनी चार शंका काढल्या, चारांनाही मी उत्तरं दिली. "हे खरं असेल तर नवीन आहे," त्या म्हणाल्या. एका परिषदेसाठी सारांश पाठवायचं ठरलं आणि तो गेलाही. मी त्या दिवशी एसटी स्टँडजवळून पेढे घेऊन घरी आले.

आप्पांनी पेढा हातात घेतला. मी त्यांना आलेख दाखवला, कुठल्या महिन्यात वेग कसा बदलतो ते बोटानं सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. मग विचारलं, "सुजा, सूर्याला आपला दसरा कसा काय कळतो?"

"म्हणजे?"

"न्हाई, तू म्हणतीस दसऱ्याला त्याची चाल बदलती, पौषात ठीक हुती, म्हाघात परत बदलती. पौष आपला हाय. हितनं बघणाऱ्याचा. त्याला काय ठाव आपल्याकडं पौष लागला ते?"

मी हसले. आप्पा हसले नाहीत. पेढा तसाच बशीत ठेवून त्यांनी आश्विनातले कागद काढले. त्यावर पारदर्शक ट्रेसिंग पेपर टाकून एकाच ठिपक्याची सात दिवसांची जागा सात टिंबांनी उतरवली. सात टिंबं आडव्या रेघेत आली, सरळ. मग तक्त्याप्रमाणे कागद फिरवला. रेघ तिरकी झाली, घाटातल्या रस्त्यासारखी चढत गेली.

"सरळ निघालेल्या माणसाला आपुन वाकडं का चालवतोय?" ते म्हणाले.

मला राग आला, हे कबूल करायला हवं. मी म्हटलं, "आप्पा, ही बांधाची मोजणी नाही. ह्याच्यामागं गणित आहे."  कागद गोळा करून, कडा जुळवून, त्यांनी पिशवीत ठेवले. त्या संध्याकाळी जेवताना मला भाजीची चव कळली नाही, कारण ती तिरकी रेघ डोळ्यांपुढून हलत नव्हती. माझा प्रोग्रॅम फक्त वेगाचे आकडे द्यायचा. ठिपक्याची वाट मी कधी काढून बघितलीच नव्हती.

सकाळी आप्पाच म्हणाले, "नकाशावर भांडण असलं की जाग्यावर जायाचं. सूर्य काय लांब न्हाई, तुमच्या गच्चीवर रोज येतो."

शिमगा आठ-दहा दिवसांवर आला होता. ऊन चढायला लागलं होतं, गच्चीच्या कठड्याला हात लावला की चटका बसायचा. आम्ही दुर्बीण लावली, बिंब कागदावर पाडलं. आप्पांनी एका डागावर पेन्सिलीचं टोक ठेवलं आणि मला सांगितलं, "आता दुर्बिणीला हात लावू नको." पृथ्वी फिरते तसं बिंब आपोआप कागदावरून सरकू लागलं. डाग जसजसा सरकला तशी आप्पांनी त्याच्यामागून टिंबं दिली. ती रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात उत्तर, आपल्या पृथ्वीची. संगणक नाही, तक्ता नाही, कुणाचा शब्द नाही. मग त्यांनी बाकीचे डाग उतरवले, कागद सोडवला आणि उलटा करून उन्हापुढे धरला, कारण अशा बिंबात डावं-उजवं पालटलेलं असतं. मी त्याच दिवसाचा वेधशाळेचा फोटो शेजारी धरला.

डाग तेच होते, पण फोटोत ते सगळे एका बाजूला कललेले होते. कोनमापक लावलं. माझ्या तक्त्यात त्या तारखेपुढे जो कोन होता, बरोबर तेवढाच.

फोटो जसाच्या तसा असता तर तो आप्पांच्या कागदाशी जुळला असता. म्हणजे साठ्यातले फोटो आधीच सरळ करून ठेवलेले होते. सूर्याची उत्तर वर येईल असे. मी त्यांना आणखी एकदा फिरवत होते. पौषात तो कोन शून्याजवळ असतो, म्हणून पौष तेवढा जुळायचा. घरी येऊन साठ्याचं माहितीपान शोधलं. अगदी खाली, बारीक अक्षरात, एका ओळीत ते लिहिलेलं होतं.

मी खुर्चीत बसून राहिले. पाच महिन्यांचं काम, मॅडमचा विश्वास, पाठवलेला सारांश. परिषदेला अजून अवकाश होता. कुणाला आपणहून कळलं असतं असंही नाही. हा विचार माझ्या मनात आला, आणि तो आला हे आप्पांना माझ्याकडे बघून कळलं असावं.

"उद्या रविवार हाय. येल्ह्याकडं जाऊन येऊ," ते म्हणाले.

वेल्ह्याच्या एसटीत खिडकीशी बसून आप्पा वाटेतल्या शेतांची नावं सांगत होते. वेल्ह्याच्या अलीकडे एका फाट्यावर आम्ही उतरलो. पळस फुलून गेला होता, आणि चढावर मोहराचा वास दाटून आला होता. पायवाटेनं वर गेलो तर एका बांधाला लागून आंब्याची दोन जुनी झाडं. जवळच्या घरातून एक म्हातारे गृहस्थ डोळ्यांवर हात धरून बाहेर आले आणि म्हणाले, "कोण, मोजणीवालं सायेब?"

त्यांचं नाव धोंडिबा. चहा झाला. मग आप्पांनी मला त्यांच्यासमोरच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी हा बांध मोजला होता. होकायंत्र लावलं तेव्हा मोजणीच्या टेबलाखाली गवतात कुणाची तरी लोखंडी पहार पडलेली. काटा थोडा ओढला गेला, उत्तर चुकली, सगळी हद्द तिरकी बसली. ती दोन झाडं धोंडिबांकडे आली. कागद झाले, सह्या झाल्या. महिन्यानं दुसऱ्या कामासाठी इकडून जाताना आप्पांना त्याच जागी ती पहार पडलेली दिसली आणि लख्ख उमगलं.

"कुणाला ठाऊक झालं न्हवतं," आप्पा म्हणाले. "शेजारीबी गप बसला हुता. म्या तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणली, मग उद्या जेवायचा डबा करून देते, लवकर निघा."

"आले आन् माझी दोन झाडं घालवली," धोंडिबा म्हणाले. ते हसत होते, पण नुसतंच हसणं नव्हतं. "लई राग आला हुता मला. चार वर्सं ह्यांच्याशी बोललो न्हाई."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. शेजाऱ्यानं बघितलं, सायेब आपणहून चूक कबूल करून गेलं. पुढं आमचं कायबी निघालं तरी तो म्हणायचा, त्यांनी मोजलंय न्हवं, मग तसंच आसंल. आमी भांडलोच न्हाई कंदी. पोरंबी भांडत न्हाईत. आंबे दर साली पाटीभर घरी येत्यात."

त्यांनी बांधाकडे बघितलं. आप्पाही बघत होते. उन्हात मोहर बारीक बारीक गळत होता.

परतीची एसटी यायला उशीर होता. फाट्यावरच्या वडाखाली उभं राहून मी मॅडमना फोन लावला. आप्पा जरा लांब जाऊन उभे राहिले, पाठ करून. मी सगळं सांगितलं. फोटो आधीच सरळ केलेले होते, मी पुन्हा फिरवले, नवीन असं काही नाही, सारांश मागे घ्यावा लागेल.  मग मॅडम म्हणाल्या, "मी पण आलेखच बघितला, ठिपक्यांचा मार्ग तपासला नाही. चूक दोघींची आहे." आणि थोड्या वेळानं, "पुन्हा मोजायला किती दिवस लागतील?"

"वडिलांना विचारून सांगते," मी म्हटलं.

"वडिलांना?"

मग तेही सांगितलं. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "त्यांचं नाव प्रबंधात घाल," म्हणाल्या. "आणि त्यांनी उत्तर कशी काढली तेही लिही."

चैत्र आणि वैशाख आम्ही त्यात घालवले. प्रोग्रॅममधून फोटो फिरवणारी ती एक ओळ काढणं पाच मिनिटांचं काम होतं. पण ठिपके चुकीच्या अक्षांशांच्या पट्ट्यांत टाकलेले होते, ते एकेक करून उचलून आपापल्या पट्ट्यात बसवायचे होते. दुपारी वीज जायची. पंखा थांबला की आप्पा पंचा ओला करून डोक्यावर घ्यायचे आणि काम चालू ठेवायचे. कागदावर घामाचा थेंब पडू नये म्हणून मनगटाखाली एक रुमाल घडी करून ठेवलेला. मधूनच आईबद्दल बोलायचे. सहज, कामाच्या ओघात. वरवे गावच्या एका मोजणीला ती हौसेनं बरोबर आली होती आणि दिवसभर साखळीचं एक टोक धरून उभी होती, हे मला तेव्हा कळलं. ते बोलत असताना मी मान वर करत नसे. मला भीती वाटायची की मी बघितलं तर ते थांबतील.

शेवटचा पट्टा पुरा झाला तेव्हा वळवाचे ढग जमायला लागले होते. मी सगळे बिंदू आलेखावर मांडले. मधला पट्टा वेगात, मग दोन्ही बाजूंना हळूहळू उतरत गेलेली एक गोल, शांत रेघ. दसऱ्याचे बिंदू, पौषाचे बिंदू, शिमग्याचे बिंदू सगळे त्याच एका रेघेवर. महिने कुठले ते आता ओळखू येत नव्हतं.

आप्पांनी चष्मा लावून तो आलेख बराच वेळ पाहिला.

"हे आधी कुणाला ठाऊक हुतं?"

"हो आप्पा," मी म्हटलं. "जगाला कधीपासून ठाऊक आहे. शे-दीडशे वर्षं झाली असतील. आपण नवीन काही काढलेलं नाही."

त्यांनी मान हलवली. कागदावरची धूळ फुंकरीनं उडवली आणि आलेख माझ्या हातात दिला.

"आता आपल्यालाबी ठाऊक झालं," ते म्हणाले.